पंखा कोणत्या इंजिनाचा? जुन्या विमानांच्या पंखा-इंजिन जोड्या लावण्यामागची पार्श्वभूमी

चोर बाजारात मटण स्ट्रीटवर भिंतीला टेकवलेला लाकडी प्रोपेलर दिसला की पहिला प्रश्न हमखास चुकतो: हा कोणत्या विमानाचा? दुकानदाराचं उत्तर बहुधा 'टायगर मॉथचा' असं येतं, कारण ते नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. प्रोपेलर म्हणजे पंखा हा इंजिनाची ताकद, फेरे आणि फिरण्याची दिशा धरून बनतो. म्हणून पंख्याची इंजिनाशी जोडी लावताना शोध इंजिनापासून सुरू करावा. विमानाचं नाव शेवटी आपोआप कळतं, आणि कधीकधी एकाऐवजी तीन नावं निघतात.

सुरुवात इंजिनापासूनच का, याचं उत्तर पहिल्या महायुद्धाच्या शिल्लक मालात आहे. युद्धानंतर ब्रिटनने आपल्या वसाहतींना विमानं वाटली. हिंदुस्थानच्या वाट्याला १०० आली: ६० डीएच-९ आणि ४० एव्हरो ५०४के. त्यातली काही डीएच-९ बिकानेरच्या संस्थानी वास्तूत इतकी वर्षं पडून राहिली की त्यांपैकी एक इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पुन्हा उडालं. एव्हरो ५०४के मुळातच अशा सांगाड्याचं होतं की त्यावर १३० अश्वशक्तीचं क्लर्जे, ११० चं ल रोन किंवा १०० चं नोम, जे हाताशी असेल ते इंजिन बसावं. विमान एकच, इंजिनं तीन, आणि प्रत्येकाचा पंखा वेगळा.

म्हणूनच त्या काळच्या ब्रिटिश पंख्यांच्या हबवर, म्हणजे मधल्या जाड भागावर, इंजिनाचं नाव आणि अश्वशक्ती ठोकलेली सापडते. सोबत डी आणि पी ही अक्षरं, आणि त्यांच्यापुढे मिलीमीटरमधले आकडे: डी म्हणजे व्यास, पी म्हणजे पिच, पंखा एका फेऱ्यात कागदोपत्री जेवढा पुढे सरकेल तेवढं अंतर. शिवाय ड्रॉइंग नंबर आणि अनुक्रमांक. या दोन्हींत गल्लत फार होते. ड्रॉइंग नंबर आराखड्याचा असतो, तो शेकडो पंख्यांवर तोच. अनुक्रमांक त्या एका नगाचा. जोडी लावायला ड्रॉइंग नंबर हवा. ठसे पुसट असतील तर टॉर्च जवळजवळ आडवा धरून उजेड पाडा, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. पॉलिश पेपर मात्र हबला लावू नका. 'चकाचक' करण्याच्या नादात ओळख घासून टाकलेले पंखे बाजारात भरपूर आहेत.

विमानांची दुसरी लाट जुहूला आली. १९२८ मध्ये जुहूचा विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला, तो मॉथ विमानांचा जमाना. मॉथचं मूळचं सिरस इंजिन हे युद्धातल्या रेनॉ व्ही-८ इंजिनाचे सुटे भाग वापरून, अर्धं इंजिन घ्यावं तसं बनवलेलं. शिल्लक भाग संपत आले तेव्हा मॉथ बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीने इंजिनांचे रचनाकार फ्रँक हॅलफर्ड यांच्याकडून स्वतःचं जिप्सी इंजिन करून घेतलं. पुढे जिप्सी-३ मध्ये सिलिंडर खाली आले आणि पंख्याचा आस वर गेला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते याच इंजिनाच्या पुस मॉथमधून. (पावसाळ्यात जुहूचा चिखल होई, म्हणून सुरुवातीच्या काळात टपाल सेवा पुण्याला हलवावी लागे.) त्यानंतरचं जिप्सी मेजर ६.१२ लिटरचं, मिनिटाला २३५० फेऱ्यांना १३० अश्वशक्ती देणारं. टायगर मॉथवर हेच.

इथे जोडी चुकण्याचं सर्वांत मोठं कारण दिशा. पंखा उभा धरा, पात्यांची सपाट बाजू आपल्याकडे. वरच्या पात्याची जाड, पितळी पत्र्याने मढवलेली कड उजवीकडे असेल तर वैमानिकाच्या जागेवरून पाहता तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. डावीकडे असेल तर उलट. जिप्सी मेजर उलट फिरतं, काँटिनेंटल आणि लायकमिंग ही अमेरिकन इंजिनं सुलट. 'मग मागचं पुढे करून बसवू' ही युक्ती चालत नाही. डाव्या आट्यांचा स्क्रू उलटा धरला म्हणून उजव्या आट्यांचा होत नाही.

दिशा जुळली की व्यास पाहा. क्लर्जे १२५० फेऱ्यांच्या आसपास चालायचं, म्हणून त्याला पावणेतीन मीटरचा पंखा चाले. तोच २३५० फेऱ्यांवर फिरवला तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ३३८ मीटर होतो, म्हणजे जवळपास ध्वनीइतका. आवाज प्रचंड, ओढ कमी, आणि लाकडावर भलताच ताण. ठसा नसेल तर पिचही मोजता येतं. मध्यापासून टोकाच्या तीनचतुर्थांश अंतरावर सपाट बाजूचा कोन घ्या. दोन मीटर व्यासाच्या पंख्यात ते अंतर ७५० मिमी. कोन १५ अंश भरला तर त्या वर्तुळाचा परीघ ४.७१ मीटर गुणिले कोनाचा टॅन ०.२६८, पिच सुमारे १.२६ मीटर. दोन्ही पात्यांवर मोजा; फरक लक्षणीय असेल तर पातं पिळलंय किंवा नग सजावटीचा आहे. सजावटीच्या पंख्यांना पीळ नावापुरता असतो, आणि हबवर फ्लँजने, म्हणजे पंखा धरणाऱ्या धातूच्या चकतीने, दाबल्याची गोल खूण नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डाकोटा ही दोन इंजिनांची विमानं आली आणि लाकडाची जागा धातूने घेतली. डाकोटाच्या ट्विन वास्प आर-१८३० इंजिनात १६ ला ९ चं गिअर असतं: इंजिन २७०० वर, पंखा १५१९ वर. त्यामुळे ३.५३ मीटरचा पंखा टोकाला सेकंदाला २८० मीटरच्या घरात राहतो. हॅमिल्टन स्टँडर्डच्या हबवरचं '२३ई५०' हे चक्क वाचता येतं: २ ही मूळ रचनेची आवृत्ती, ३ पाती, ई हे पात्याच्या बुंध्याचं माप, ५० हे शाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, खाचांचं अमेरिकन माप. पात्याच्या क्रमांकाच्या शेवटी डॅशनंतर येणारा आकडा म्हणजे मूळ व्यासातून कमी केलेले इंच. इंजिनाच्या पाटीवर नुसतं 'आर-१८३०' वाचून थांबू नका. त्यापुढे डॅश ९२ असेल तर ते डाकोटाचं. लिबरेटर बॉम्बरवरची डॅश ४३ आणि ६५ टर्बोसाठीची, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या यंत्रासाठीची. हब बसेल, पण इंजिन एकाच्या जागी दुसरं चालणार नाही.

पुढे एचएएलचं पुष्पक हे छोटं विमान आलं, १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, ९० अश्वशक्तीच्या काँटिनेंटल सी-९० चं. याच्या फ्लँजला सहा बोल्ट, ४ ३/८ इंच वर्तुळावर. अनेक लायकमिंग इंजिनांचं वर्तुळ ४ ३/४ इंच. डोळ्यांना हा साडेनऊ मिमीचा फरक कळत नाही. मोजायची सोपी रीत: एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत कॅलिपर लावा, तेच वर्तुळाचं माप. भोकं कानस मारून लांबट करून पंखा 'बसवलेला' दिसला तर तो भिंतीवरच राहू द्या. जिप्सीसारख्या निमुळत्या शाफ्टवर हब बसवताना निळा रंग पातळ फासून किती भाग टेकतो ते पाहतात. ७० टक्क्यांहून कमी भाग टेकला तर चावीवर, म्हणजे हब आणि शाफ्ट जखडणाऱ्या पट्टीवर, भार येतो आणि शाफ्ट खराब होतो.

मुंबईच्या हवेत लाकडी पंख्याचे वेगळेच नखरे. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि बोल्टखाली चिरडतं. हिवाळ्यात आक्रसतं आणि बोल्ट सैल पडतात. सैल हब घासून लाकूड करपतं, हब काढल्यावर काळं कडं दिसतं ते त्याचंच. म्हणून पहिल्या उड्डाणानंतर, २५ तासांनी आणि दर ऋतुबदलाला टॉर्क रेंचने बोल्ट तपासायचे, मग टोकांचा माग पाहायचा: दोन्ही टोकं एकाच जागेवरून जाताना लाकडी पंख्यात ३ मिमीहून जास्त फरक नको. पितळी पत्र्याच्या टोकाला बारीक भोकं असतात, ओल निघून जावी म्हणून. रंगारी ती हौसेने बुजवतात. टाचणीने मोकळी करा आणि विमान उभं असताना पंखा आडवा ठेवा, नाहीतर ओल खालच्या पात्यात उतरून तोल बिघडतो.