ख्रिस्ती लोक तीन देव मानतात का?

“ख्रिस्ती लोक तीन देवांना भजतात: बाप, आई मरिया आणि मुलगा येशू.” हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे. चर्चमध्ये मरियेची मूर्ती दिसते, प्रार्थनेत तीन नावं कानावर पडतात.

पण त्या तिघांत मरिया नाहीच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून त्रैक्य (ट्रिनिटी) होतं. कॅथलिक पंथाचे लोक मरियेला मान देतात, ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणतात. देव मानत नाहीत. प्रोटेस्टंट पंथाचे लोक तर सहसा तेही करत नाहीत.

मग तीन देव? तेही नाही. देव एकच, व्यक्ती तीन. (हे गणित सुटत नाही म्हणूनच ख्रिस्ती लोक त्याला रहस्य म्हणतात.) इ.स. 325 मध्ये मूळ धरलेला निकेयाचा मतांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचं जाहीर विधान) ‘एका देवा’वरच्या विश्वासानेच सुरू होतो.

पडताळायचं तर मराठी बायबलमध्ये मार्क 12:29 (अध्याय 12, वचन 29) काढा: सर्वांत मोठी आज्ञा सांगताना येशू आधी परमेश्वर एकच असल्याचं सांगतो. मग मत्तय 28:19 पाहा. बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या ‘नावाने’ द्यायचा आहे, ‘नावांनी’ नव्हे. मूळ ग्रीकमध्येही तो शब्द एकवचनीच आहे. वसईत मराठी मिस्साला (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला) गेलात तर क्रुसाची खूण करताना हाच ‘नावाने’ ऐकू येईल.