शेवटच्या बाकावरचं आभाळ

शहरातल्या एखाद्या जुन्या हायस्कूलच्या वर्गात शिरलं की मान आपोआप वर जाते. छत तेरा-चौदा फुटांवर, खिडक्या जवळजवळ छताला टेकलेल्या. हा त्या काळचा थाट असावा, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. थाट असतोच, पण तो दर्शनी बाजूच्या खांबांत, कमानींत, मनोऱ्यात. वर्गाची मापं मात्र हिशेबाने ठरलेली असतात, आणि तो हिशेब मुलांच्या डोळ्यांचा आणि श्वासाचा आहे.

१८६७ साली ब्रेस्लाउ शहरातले (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) नेत्रतज्ज्ञ हेरमान कोन यांनी १०,०६० शाळकरी मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इयत्ता चढत जाते तशी लांबचं धूसर दिसणारी मुलं वाढत जातात, असं त्यांना दिसलं. अंधाऱ्या वर्गांवर त्यांचा मोठा रोख होता. आजच्या संशोधनानुसार वर्गातल्या उजेडापेक्षा मुलं बाहेर मोकळ्यावर किती वेळ घालवतात, याला जास्त महत्त्व आहे. तरी अशा चिंतेतून शाळांसाठी नियम निघाले: खिडक्यांची काच जमिनीच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकी हवी, आणि उजेड मुलांच्या डावीकडून यायला हवा. उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली अक्षरांवर पडू नये, एवढं साधं कारण. डावखुऱ्या मुलांचा विचार कुणी केला नव्हता, ही त्या नियमातली खरी उणीव. या नियमाने बांधलेल्या वर्गातला फळा आज कुठेही हलवलेला असो, खिडक्या डाव्या हाताला येतील असं उभं राहा. समोरची भिंत ती मूळ फळ्याची.

खिडकी रुंद असण्यापेक्षा उंच असणं का मोलाचं? कारण उजेड आभाळातून येतो. खालच्या तावदानातून समोरची इमारत दिसते, आभाळ दिसतं ते वरच्या तावदानातून. खिडकीपासून सर्वांत लांबच्या बाकावर बसून मान वळवली आणि आभाळाचा तुकडा दिसला, तर त्या वहीवर चांगला उजेड पोचतो. साधारण ठोकताळा असा, की खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत उजेड कामाचा राहतो. चोवीस फूट खोल वर्ग विजेच्या दिव्याशिवाय चालवायचा, तर खिडकीचा माथा बारा फुटांवर न्यावाच लागतो. छताची उंची अशी शेवटच्या बाकावरून ठरत आलेली आहे.

हवेचा हिशेब म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये मांडला. माणसांच्या श्वासामुळे खोलीतला कार्बन डायऑक्साइड ०.१ टक्क्याच्या वर गेला, की हवा कोंदट समजावी. तो वायू तेवढ्या प्रमाणात विषारी असतो म्हणून नव्हे. हवा किती वेळा वापरून झाली आहे, हे त्यावरून कळतं म्हणून. अनेक जुन्या शाळांच्या भिंतींत छताजवळ जाळी लावलेली चौकोनी भोकं दिसतात. त्यांच्यामागे विटांचे उभे पोकळ मार्ग थेट छपरापर्यंत गेलेले असतात. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो, मुलं थोडी कमी. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे दोन-तीन शेगड्या पेटल्यासारखंच. तापलेली हवा हलकी होऊन त्या मार्गाने वर जाते आणि तिच्या जागी बाहेरची ताजी हवा येते. हे सगळं मुलांच्याच उबेवर चालतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

भिंती खाली जाड आणि वरच्या मजल्यांवर पातळ, खिडकीवर खिडकी बरोबर एका रेषेत. सगळा भार खिडक्यांमधल्या विटांच्या पट्ट्यांतून जमिनीत उतरतो, म्हणून ही शिस्त. उभा भार विटा उत्तम पेलतात, आडवा हिसका नाही. १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियात लाँग बीचला भूकंप झाला आणि विटांच्या अनेक शाळा कोसळल्या. मुलं त्याच्या बरीच आधी घरी गेलेली होती. बरोबर महिन्याभराने तिथे शाळांच्या बांधकामासाठी कडक कायदा झाला.

आपल्या डोळ्यांदेखत होणारं नुकसान मात्र भूकंपाविना होतं. जुन्या वीटकामाच्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, चुन्यात भरलेल्या असतात. चुना विटेपेक्षा मऊ असतो. भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते, आणि बारीक भेगा तो स्वतःच काही अंशी बुजवतो. दुरुस्तीत त्याच दर्जा सिमेंटने भरल्या, की ओलीला वाट उरते ती विटेतूनच. अशा भिंतीजवळ जाऊन पाहा. सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधल्या विटा वाटीसारख्या खोल झिजलेल्या. बोट फिरवलं की लाल भुगा हाताला लागतो.

आणि दिवे आले, तेव्हा छत खाली आणलं गेलं. नऊ फुटांवर फॉल्स सीलिंगचे पांढरे चौकोन बसले आणि खिडकीपासून लांबची बाकं कायमची दिव्यांवर अवलंबून राहिली. शिडीवर चढून एक चौकोन सरकवला, की वरच्या पोकळीत खिडकीची कमान तशीच असते. धुळीने माखलेली तावदानं, झडप उघडायची दोरी, तिची लोखंडी कप्पी. दुपारचं ऊन तिथे अजूनही येतं, सीलिंगच्या पाठीवर पडतं.