सीईएचचा अर्ज : कोण भरू शकतं आणि काय काय लागतं

एथिकल हॅकिंग (म्हणजे परवानगी घेऊन सिस्टीममधल्या त्रुटी शोधणं) शिकायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात टूल्स कोणती वापरायची, पण सर्टिफिकेट पाहिजे असेल तर खरी गाडी अर्जापाशीच अडते. इथे ईसी-कौन्सिल ही संस्था देते त्या सीईएच (सर्टिफाइड एथिकल हॅकर) सर्टिफिकेटचं सांगतोय.

परीक्षेला बसायचे रस्ते दोनच. पहिला म्हणजे त्यांचं अधिकृत ट्रेनिंग, ते केलं की अनुभव दाखवायची भानगड नाही. दुसरा, घरी अभ्यास करून बसायचं, पण मग इन्फर्मेशन सिक्युरिटीतला 2 वर्षांचा अनुभव लागतो आणि पात्रता अर्जाची 100 डॉलर फी भरावी लागते, ती अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही, परीक्षेचे पैसे वेगळेच.

आता अनुभव म्हणजे नुसतं 'आयटीत नोकरी' असं लिहून चालत नाही. सिस्टीम अॅडमिन असाल तर फायरवॉलचे रूल कोण बदलायचं, लॉग कोण बघायचं, पॅच कोण टाकायचं, त्यातलं तुम्ही खरंच जे केलंय ते स्पष्ट लिहा. अर्जात साहेबाचं नाव आणि ईमेल द्यायचा असतो, पडताळणी त्यांच्याकडूनच होते आणि त्यांचं उत्तर आल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, त्यामुळे साहेबांना आधीच सांगून ठेवा, स्पॅम फोल्डरही बघायला सांगा. मंजुरी मिळाली की 3 महिन्यांत परीक्षेचं व्हाउचर (परीक्षेला बसायचा कोड) विकत घ्यायचं.

कागदपत्रं फार नाहीत. सरकारी फोटो आयडी हवा, आणि नोंदणीत नाव अगदी आयडीवर आहे तसंच टाका, स्पेलिंगसकट. अजून सज्ञान नसाल तर पालकांची लेखी संमती आणि शिक्षणसंस्थेचं पत्र.

परीक्षा 4 तासांची, 125 प्रश्न, सगळे बहुपर्यायी. पासिंग ठरलेलं नसतं, कुठला पेपर येतो त्यावर 60 ते 85 टक्के.

अजून आयपी अॅड्रेस, पोर्ट, लिनक्सच्या कमांड्स यातच गोंधळ होत असेल तर माझ्या मते इथे पैसे घालूच नका. त्याऐवजी कॉम्प्टिया या संस्थेचं सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीचं सर्टिफिकेट बघा, त्याला अनुभवाची सक्ती नाही (2 वर्षं असावीत असं ते म्हणतात, पण ती फक्त शिफारस), 90 मिनिटांत जास्तीत जास्त 90 प्रश्न, पास व्हायला 900 पैकी 750. तोवर प्रॅक्टिस स्वतःच्याच व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला वेगळा कॉम्प्युटर), दुसऱ्याच्या सिस्टीमला लेखी परवानगीशिवाय स्कॅनसुद्धा मारायचा नाही.

आणि हो, सीईएच 3 वर्षंच चालतं, टिकवायला त्या काळात 120 क्रेडिट (या क्षेत्रात शिकत राहिल्याबद्दल मिळणारे गुण) जमवायचे आणि दरवर्षीची मेंबरशिप फी भरायची.