पाठीवर वजन घेऊन चालणे (हिवाळी व्यायाम, ठाणे-नवी मुंबई)

भरलेली सॅक पाठीशी घट्ट बांधून भरभर चालण्याचा व्यायाम. त्याचे मूळ सैनिकी सरावात आहे. अमेरिकी पायदळातल्या एका मानचिन्हासाठी आजही सुमारे १६ किलो वजनासह १२ मैल (सुमारे १९ किमी) अंतर ३ तासांत कापावे लागते. ठाणे-नवी मुंबईकरांना यामागचे कारण अधिक जवळचे आहे. कळसूबाई (१,६४६ मी.) किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जायचे तर पाणी, शिधा, अंथरूण सगळे पाठीवरच न्यावे लागते. नुसत्या मोकळ्या चालण्याने ही तयारी होत नाही.

चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, म्हणून सांध्यांना धावण्याइतके हादरे बसत नाहीत. ओझ्यामुळे नाडी मात्र चांगलीच वाढते. पँडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रात हा ऊर्जाखर्च शरीराचे व ओझ्याचे वजन, वेग, चढ आणि जमिनीचा पोत यांवरून काढतात. त्यामुळे किलो न वाढवता नुसता चढ निवडला तरी कस लागतो.

असा चढ इथे दाराशी आहे. उपवनहून येऊरकडे, बेलापूरला पारसिक टेकडीवर, खारघरला फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते, बिबट्याचा वावर आहे. तिथे दिवसाउजेडीच जावे. खारघरचा रस्ता टेकडीवरच्या पाड्यांतल्या लोकांची रोजची वहिवाट आहे, तो अडवून घोळक्याने चालू नये. सपाटीवर सुरुवात करायची तर नेरुळचे ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यान उत्तम.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. उन्हाळ्यात दमट हवेत घाम वाळत नाही, पावसाळ्यात उतार निसरडे होतात. मात्र थंडीत पहाटे धूळ आणि धूर जमिनीलगत साचून राहतात. धुरकट दिवशी अंधारात निघण्यापेक्षा ऊन थोडे वर आल्यावर निघणे फुप्फुसांना बरे.

सुरुवातीला शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमीच भार घ्यावा; ६० किलोच्या माणसाला ४-५ किलो पुरेत. आधी अंतर वाढवावे, वजन मागाहून. सर्वांत सोयीचे वजन पाण्याच्या बाटल्यांचे : १ लिटर म्हणजे १ किलो. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. तेव्हा प्यायला लागेल तेवढे ठेवून बाकीचे पाणी माथ्यावरच झाडांना घालावे. बाटल्या चादरीत गुंडाळून पाठीलगत, वरच्या बाजूला बसवाव्यात. तळाशी लोंबणारे ओझे कंबर मोडते. कमरेचा पट्टा आवळला की भार खांद्यांवरून कमरेच्या हाडावर उतरतो. हाताला मुंग्या आल्या तर खांद्याच्या पट्ट्याखाली नस दबत आहे असे समजून सॅक लगेच उतरवावी. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मणक्याचे किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.