तिशीनंतरही स्वभाव बदलतो

‘स्वभावाला औषध नाही’ हे वाक्य नागपूरच्या महाल भागातल्या ओट्यांवर आजही ऐकू येते, आणि तिशीनंतर स्वभाव घट्ट होतो या समजाला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली शास्त्राचे बळ दिले. पण हा समज खरा नाही. २००६ साली ९२ दीर्घकालीन अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात जबाबदारीची जाणीव व भावनिक स्थैर्य विशेषतः विशी ते चाळिशीत वाढत असल्याचे, आणि काही बदल उतारवयातही होत असल्याचे आढळले. माझ्या मते नुसत्या वयापेक्षा अनुभवाकडे पुन्हा वळून पाहण्याची सवय आणि तोंडावर खरे सांगणारा मित्र अधिक उपयोगी पडतो. अंबाझरी तलावाच्या काठावर फिरताना माझे सत्तरीतले शेजारी मुलाशी झालेला वाद आता आधी मुलाच्या बाजूने सांगतात, मगच स्वतःच्या.