स्वयंपाकघराची फेरविक्री (जर्मनी)

जर्मनीत भाड्याचे घर सोडताना भाडेकरू अनेकदा आपले बसवलेले स्वयंपाकघर विकून टाकतो. या व्यवहारासाठी आता बहुतेक जण ऑनलाइन जाहिरातींचाच आधार घेतात. इथे स्वयंपाकघर म्हणजे खोली नव्हे. खोलीच्या मापाने बसवलेली खालची-वरची कपाटे, ओट्याची लाकडी फळी, सिंक, शेगडी, ओव्हन, धूर ओढणारा पंखा आणि बहुधा डिशवॉशर, असा तो सगळा संच. जर्मन भाषेत त्याला ‘आइनबाउक्यूशे’ म्हणतात. जाहिरातींत त्याचे आद्याक्षरांनी ‘ए-बे-का’ होते.

मराठी माणसाला ही कल्पना पचायला वेळ लागतो. आपल्याकडे ओटा घराचा असतो. भाडेकरू गॅसची शेगडी, सिलिंडर आणि मिक्सर घेऊन जातो, पण कडप्पा जागचा हलत नाही. जर्मनीत पुष्कळ घरे स्वयंपाकघराविनाच भाड्याने मिळतात. त्या खोलीत पाण्याचा कोपऱ्यातला कॉक, सांडपाण्याचे तोंड आणि इलेक्ट्रिक शेगडीसाठी तीन फेजची, ४०० व्होल्टची जोडणी एवढेच असते. पुण्याहून म्युनिक किंवा श्टुटगार्टला नोकरीसाठी आलेले जोडपे घर पाहायला जाते, तेव्हा ‘किचन कुठंय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. उत्तर बहुधा असे मिळते : सध्याच्या भाडेकरूचे आहे, हवे असेल तर विकत घ्या.

मापाने बसवलेल्या स्वयंपाकघराचा उगम सांगताना फ्रांकफुर्टचे नाव घ्यावेच लागते. तिथले नगररचनाकार एर्न्स्ट माय यांच्या गृहनिर्माण योजनेसाठी १९२६ मध्ये ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी सुमारे १.९ × ३.४ मीटरच्या जागेत बसणारे स्वयंपाकघर आखले. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. गंमत अशी, की ते स्वयंपाकघर घराचाच भाग होते, भाडेकरूच्या मालकीचे नव्हते. पुढे दुरुस्तीच्या वेळी लोकांनी ती उखडून फेकली आणि उरल्यासुरल्यांपैकी काही आता लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत जाऊन बसली आहेत.

फेरविक्री शक्य होते ती मापांच्या शिस्तीमुळे. कपाटांच्या रुंदी ठरलेल्या असतात : ३०, ४०, ४५, ५०, ६०, ८०, ९० सेंटिमीटर. ओव्हन ६०चा, डिशवॉशर ६०चा किंवा ४५चा, फळीची खोली साधारण ६०. त्यामुळे एका घरातली कपाटे दुसऱ्या घरात उभी राहू शकतात. फळीचे मात्र तसे नाही. एल आकाराच्या ओट्यात कोपऱ्याचा सांधा डावा किंवा उजवा कापलेला असतो. डाव्या कोपऱ्याची फळी उजव्या कोपऱ्यात बसत नाही आणि सिंकसाठी पाडलेले भोक सरकवता येत नाही. म्हणून अनुभवी खरेदीदार फळी धरतच नाही. नवी घ्यायची असे मनाशी ठरवून तो कपाटे आणि उपकरणे यांचीच किंमत करतो.

असा खरेदीदार आधी दारे उघडत नाही. तो सिंकखाली वाकतो आणि फळीच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवतो. आत भुशाचा दाबलेला बोर्ड असतो. सिलिकॉनची रेघ सुटून पाणी झिरपले असेल, तर ती कड पावासारखी फुगलेली लागते. दुसरी जागा डिशवॉशरच्या वरची, जिथे वाफ आदळते. तिसरी जागा बिजागऱ्यांची : दारातले ३५ मिलिमीटरचे भोक सैल झाले असेल, तर दार लोंबते. भारतीय घरातून विकायला निघालेल्या पांढऱ्या फळीवर हळदीचा पिवळा डाग आणि पंख्याच्या जाळीत फोडणीचा तेलकट थर असतो. तो फोटोत दिसत नाही, पण नाकाला लगेच कळतो. विकणाऱ्याने जाळी धुऊन, शक्य असल्यास कोळशाचा फिल्टर बदलून मगच लोकांना बोलवावे.

जाहिरातींचे सर्वांत मोठे संकेतस्थळ म्हणजे ‘क्लाइनआनत्साइगन’. २००९ पासून ते ‘ईबे क्लाइनआनत्साइगन’ या नावाने चालत होते. २०२१ मध्ये मालकी बदलली आणि २०२३ मध्ये नावातून ‘ईबे’ गळले. इथली भाषा आखूड असते. किमतीपुढे ‘फाउ-बे’ म्हणजे घासाघीस चालेल. ‘झेल्ब्स्टआबबाउ’ म्हणजे खोलून न्यायचे काम घेणाऱ्याचे. ‘शेवटची किंमत काय?’ एवढाच, नमस्कारही नसलेला निरोप जर्मनीत विनोदाचा विषय झाला आहे. चांगल्या जाहिरातीत भिंतीनिहाय मापे, उपकरणांच्या पाट्यांचे फोटो, खरेदीची पावती, मजला आणि लिफ्ट आहे की नाही, हे सगळे असते. चौथा मजला, लिफ्ट नाही, एवढ्यावरून निम्मे लोक गळतात.

किंमत ठरते ती मात्र दर्जापेक्षा तारखेवर. भाडेकरूची नोटिशीची मुदत सहसा ३ महिन्यांची असते. पहिल्या महिन्यात विकणारा ताठ असतो, किल्ल्या द्यायच्या आठवड्यात तो ‘फुकट न्या, पण शनिवारी न्या’ इथपर्यंत येतो. कारण कायद्याने भाडेकरूला स्वतः बसवलेली वस्तू काढून नेण्याचा हक्क आहे, आणि घरमालकाने ती ठेवून घेतली नाही तर खोली मोकळी करून देणे बहुधा भाडेकरूच्याच गळ्यात पडते.

यातून सुटण्याची सोपी वाट म्हणजे पुढचा भाडेकरू. तो स्वयंपाकघर जागच्या जागी विकत घेतो. या रकमेला ‘आबल्योझे’ म्हणतात. भिंतीवर असलेल्या स्वयंपाकघराला खरी किंमत असते. एकदा उतरवले की ते कपाटांचा ढीग होते. पण घरांची टंचाई असलेल्या शहरांत या रकमेत हळूच घराच्या किल्लीचीही किंमत मिसळते, म्हणजे मुंबईकराच्या भाषेत पागडीच. जर्मन कायद्याने त्याला लगाम घातला आहे. वस्तूच्या किमतीच्या मानाने रक्कम डोळ्यांत भरेल इतकी जास्त असेल, तर तेवढ्या जादा भागापुरता करार रद्द ठरतो. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ही सीमा मूल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त रक्कम अशी धरली. जादा दिलेले पैसे परत मागता येतात, पण घर मिळाल्याच्या आनंदात मागणारे थोडेच.

खासगी विक्रेता वस्तूतील दोषांची जबाबदारी लेखी नाकारू शकतो, पण माहीत असलेला दोष लपवला तर ते कलम उपयोगाचे नाही. फसवणुकीची ठरलेली तऱ्हा अशी : घेणारा न पाहताच होकार देतो, ‘माझा वाहतूकदार येईल’ म्हणतो आणि पैसे स्वीकारण्यासाठी एक लिंक पाठवतो. लिंकवर कार्डाचा तपशील भरला, की खात्यातले पैसे जातात. स्वयंपाकघर न पाहता घेणारा माणूस खरा नसतो असे धरून चालावे. रोख रक्कम आणि दोन प्रतींतली साधी पावती पुरेशी आहे.

उतरवताना आधी फ्यूज काढतात, पाण्याचा कॉक बंद करतात आणि प्रत्येक कपाटावर कागदी टेप लावून आकडा लिहितात. शेगडीच्या तारा इलेक्ट्रिशियननेच सोडवायच्या. मग दारे, नंतर वरची कपाटे, मग फळी आणि शेवटी खालची कपाटे. स्क्रू झिपच्या पिशवीत घालून त्या-त्या कपाटातच चिकटवून ठेवतात. एका डब्यात एकत्र टाकणाऱ्याला नव्या घरी सगळा रविवार स्क्रू निवडण्यात घालवावा लागतो.

जे पूर्ण विकत नाही ते तुकड्यांत जाते. इकेआ या फर्निचर कंपनीने स्वयंपाकघराच्या कपाटांची ‘फाक्टुम’ ही मालिका बंद करून ‘मेतोद’ आणली तेव्हा कपाटांची मापेच बदलली, आणि जुन्या मालिकेची दारे नव्या कपाटांना बसेनाशी झाली. त्यामुळे ‘फाक्टुमचे ६०चे पांढरे दार, उजवी बिजागरी’ असे शोधणारे लोक असतात, आणि तळघरात ठेवलेले एकच दार त्यांना विकणारेही.