सेवक-नेतृत्व (ख्रिस्ती परंपरा)

सेवक-नेतृत्व म्हणजे इंग्रजीतल्या 'सर्व्हंट लीडरशिप'चं मराठी रूप. जो पुढे आहे त्याने आधी सेवक असावं, त्याचा अधिकार त्या सेवेतूनच यावा, असा हा विचार. काही जण 'सेवाभावी नेतृत्व' म्हणतात, पण त्यात दानधर्माचा वास येतो आणि मूळ कल्पनेतला बोचरेपणाच निघून जातो, म्हणून इथे सेवक हाच शब्द ठेवलाय.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. हा शब्दप्रयोग चर्चमधून आलेला नाही. तो रूढ केला रॉबर्ट ग्रीनलीफ (१९०४–१९९०) या अमेरिकन माणसाने, १९७० च्या एका निबंधात, आणि तोपर्यंत त्याची जवळपास चार दशकं एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत गेली होती. त्याला कल्पना सुचली ती हेर्मान हेसेच्या 'जर्नी टू द ईस्ट' (१९३२) या छोट्या कादंबरीवरून. त्यात लिओ नावाचा नोकर प्रवासी मंडळींचं सामान उचलतो, त्यांची कामं करतो, आणि तो एक दिवस गायब झाल्यावर सगळा जथाच विस्कटतो. पुढे कळतं की ज्या संघाने हा प्रवास काढला त्याचा प्रमुख तोच होता. ग्रीनलीफ स्वतः क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा होता आणि हेसेचे आईवडील बासल मिशन या धर्मप्रचारक संस्थेचे, त्यामुळे ख्रिस्ती धागा मागे कुठेतरी आहेच, पण निबंध म्हणून ते लिखाण मॅनेजमेंटचं आहे, बायबलचं नाही. चर्चवाल्यांनी तो शब्द नंतर उचलला आणि मग असं वाटायला लागलं की तो पहिल्यापासून आपलाच होता.

कल्पना मात्र खरंच जुनी आहे. तिचा मुख्य आधार मार्क १०:३५–४५, म्हणजे बायबलच्या नव्या करारातल्या, येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकातला उतारा (बाकीची तीन मत्तय, लूक आणि योहान). येशूच्या बारा शिष्यांपैकी जब्दीचे दोन मुलगे, याकोब आणि योहान, त्याला म्हणतात की तुझ्या वैभवात आम्हाला एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. (मत्तयमधे हेच मागणं त्यांची आई करते, बहुधा शिष्यांची लाज राखायला.) बाकीचे दहा चिडतात, आणि चिडण्याचं कारण तत्त्वाचं असेल असं काही वाटत नाही. तेव्हा येशू म्हणतो की परराष्ट्रीयांचे सत्ताधीश त्यांच्यावर धनीपणा गाजवतात, तुमच्यात तसं नको, ज्याला मोठं व्हायचंय त्याने तुमचा सेवक व्हावं, ज्याला पहिलं व्हायचंय त्याने सगळ्यांचा दास व्हावं. मार्कने पुढे एक गोष्ट केलीय ती वाचताना निसटते. उजवीकडे आणि डावीकडे कोण, याचं उत्तर १५ व्या अध्यायात येतं, वधस्तंभावर, आणि ते दोघे लुटारू आहेत.

लूकने हा वाद शेवटच्या भोजनात नेऊन ठेवलाय (२२:२४–२७) आणि त्यात एक टोमणा जास्तीचा आहे, की हे सत्ताधीश स्वतःला 'उपकारकर्ते' म्हणवून घेतात. ग्रीक जगात ही खरोखरची पदवी होती, दगडावर कोरून घ्यायचे. मार्क आणि लूक यातलं जुनं रूप कोणतं यावर एकमत नाही. मार्क १०:४५ मधलं 'पुष्कळांसाठी खंडणी' हे लूकमधे नाही, म्हणून काही अभ्यासक ते नंतरच्या मंडळीची (ख्रिस्ती समुदायाची) भर मानतात, तर काहींच्या मते लूकनेच ते गाळलं. मार्कचा काळ साधारणपणे इ. स. ६५ ते ७५ च्या आसपास धरतात, त्यामुळे भर असेल तरी ती फार उशिराची म्हणता येत नाही.

आता शब्दाचा वाद, आणि इथे जरा थांबायलाच हवं कारण सगळी गोम इथे आहे. मार्कमधे दोन ग्रीक शब्द आहेत, 'दिआकोनोस' आणि 'दूलोस'. दूलोस म्हणजे सरळ गुलाम, त्यात वाद नाही. दिआकोनोसचं काय करायचं? २० व्या शतकात बराच काळ उत्तर ठरलेलं होतं, की दिआकोनोस म्हणजे पंगतीत वाढणारा, त्यावरून खालच्या दर्जाची, प्रेमाने केलेली सेवा. विल्हेल्म ब्रांट (१९३१) आणि मग किटेलच्या नव्या करारातल्या शब्दांच्या मोठ्या जर्मन कोशात हेर्मान बायर (१९३५) यांनी हे मांडलं, आणि कोशात आलं म्हणजे ते पुढची पन्नास वर्षं प्रत्येक प्रवचनात आलं. पण हे अभ्यासक ज्या वातावरणात लिहीत होते तिथे दिआकोनी (दिआकोनोसवरूनच आलेला, चर्चच्या सेवाकार्याचा जर्मन शब्द) या शब्दाला आधीच एक रंग चढलेला होता. थिओडोर फ्लिडनरने १८३६ मधे कायझर्सवेर्थला डीकनेस, म्हणजे चर्चच्या सेवेला वाहिलेल्या स्त्रियांची संस्था काढली होती, आजाऱ्यांची शुश्रूषा, गरिबांची देखभाल वगैरे (फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मधे तिथेच शिकली). म्हणजे १९ व्या शतकातली परिचारिका डोळ्यासमोर ठेवून पहिल्या शतकातला शब्द वाचला गेला, असं निदान टीकाकारांचं म्हणणं.

ते टीकाकार म्हणजे मुख्यतः जॉन एन. कॉलिन्स हा ऑस्ट्रेलियन अभ्यासक. १९९० मधे त्याने ग्रीक साहित्य आणि पपायरसवरचे जुने दस्तऐवज चाळून दाखवलं की या शब्दाचा गाभा 'खालची सेवा' नसून 'कोणाच्या तरी वतीने केलेलं काम' हा आहे, म्हणजे निरोप्या, दूत, मध्यस्थ. देवांचा निरोप नेणाराही दिआकोनोस आणि ताटं आणणाराही, कारण दोघंही इकडून तिकडे काहीतरी नेतात. त्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा खुद्द पौलाच्या (आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक, त्याची पत्रं नव्या करारात आहेत) रोमकरांस पत्रात आहे. १३:४ मधे तलवार धरणाऱ्या सत्ताधीशाला 'देवाचा दिआकोनोस' म्हटलंय, आणि हा मनुष्य काही पंगतीत वाढत नाहीये. तसंच १६:१ मधली किंख्रिया गावची फिबी ही बाई. तिला दिआकोनोस म्हटलंय, पुढच्याच ओळीत 'प्रोस्तातिस' म्हणजे आश्रयदात्री, तरी भाषांतरात तिची सहसा 'सेविका' होते आणि तोच शब्द पुरुषाला लागला की 'डीकन', म्हणजे चर्चमधला पदाधिकारी. २००० साली निघालेल्या प्रमाण ग्रीक-इंग्रजी कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत कॉलिन्सचं म्हणणं बरंचसं स्वीकारलं गेलं, २००७ मधे जर्मनीत आनी हेंटशेलने त्यात दुरुस्त्या केल्या.

मग सेवक-नेतृत्वाचा पायाच गेला का? तसं नाही. कॉलिन्सचं म्हणणं शब्दाच्या सर्वसाधारण अर्थाबद्दल पटण्यासारखं आहे, पण लूक २२:२७ मधे प्रश्नच असा विचारलाय की मोठा कोण, जेवायला बसलेला की वाढणारा, तिथे पंगत नाकारून चालत नाही. आणि मार्कमधे दिआकोनोसच्या शेजारी दूलोस बसलाय तो काही दूत नव्हे. (त्यातही डेल मार्टिन यांनी, योगायोगाने १९९० मधेच, दाखवलं की रोमन जगात बड्या धन्याचा गुलाम हा स्वतंत्र गरिबापेक्षा वजनदार असू शके, त्यामुळे पौल स्वतःला 'ख्रिस्ताचा दास' म्हणवतो ते नुसतं विनय म्हणून घेता येत नाही.) कॉलिन्समुळे एवढं नक्की झालं की सेवक हा कोणाचा सेवक, हे विचारायला हवं. लोकांचा, की ज्याने पाठवलं त्याचा? आजकालच्या लिखाणात हा प्रश्न बहुतेक वेळा गाळलेला असतो.

लोकांच्या डोक्यात मात्र हे शब्द नसून एक चित्र असतं, पाय धुण्याचं. योहान १३. येशू जेवणावरून उठतो, वरची वस्त्रं काढतो, रुमाल कमरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो, शिष्यांचे पाय धुतो आणि त्याच रुमालाने पुसतो. रुमालाला इथे 'लेन्तिओन' असा लॅटिनमधून आलेला शब्द आहे, तो नव्या करारात या प्रसंगाबाहेर कुठेच नाही. पेत्र आधी पाय ओढून घेतो, मग म्हणतो की हात आणि डोकं पण धू. गंमत म्हणजे सेवेचा सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग हा, पण यात दिआकोनोस शब्द येतच नाही. हे काम किती खालचं समजत ते १ शमुवेल २५:४१ वरून कळतं, तिथे अबीगईल म्हणते की मी धन्याच्या चाकरांचे पाय धुणारी दासी होईन. नंतरच्या काळात संकलित झालेल्या एका यहुदी ग्रंथात तर हिब्रू गुलामाकडून हे काम करून घेऊ नये असं सांगितलंय.

जुन्या करारात 'एबेद याव्हे', परमेश्वराचा सेवक, ही मोशे, दावीद यांची पदवी आहे, म्हणजे मानाची. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातली सेवकगीतं (बेर्नहार्ट डूमने १८९२ मधे ती वेगळी काढली) आणि विशेषतः ५३ वा अध्याय मार्क १०:४५ च्या मागे आहे असं पूर्वी गृहीतच धरत, पण मोर्ना हूकर यांनी १९५९ मधे त्यावर शंका घेतली आणि तेव्हापासून ते तितकं सरळ राहिलं नाही. नेतृत्वाच्या दृष्टीने त्याहून थेट उतारा १ राजे १२:७ हा आहे, जो फारसा कोणी सांगत नाही. इस्राएलचा राजा शलमोन याच्यानंतर त्याचा मुलगा रहबाम गादीवर येतो, लोक म्हणतात जू हलकं कर. म्हातारे सल्लागार सांगतात, आज तू या लोकांचा सेवक झालास तर ते कायम तुझे सेवक होतील. रहबाम बरोबरीच्या पोरांचं ऐकतो, माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे म्हणतो, आणि राज्याचे दोन तुकडे होतात. अर्थात म्हाताऱ्यांचा सल्ला निःस्वार्थी नाही, तो हिशेबी आहे, आणि सेवक-नेतृत्वाच्या आजच्या कितीतरी पुस्तकांत नेमका तोच हिशेब असतो.

पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं २:६–११ हे ख्रिस्तगीतही इथेच मोडतं, 'दासाचं रूप' घेतल्याचं. लोमायर या जर्मन अभ्यासकाच्या १९२८ च्या मांडणीपासून ते पौलाच्याही आधीचं असावं असं बरेच जण मानत आले, हल्ली तेवढ्या खात्रीने बोलत नाहीत.

पहिल्या काही शतकांत हे प्रत्यक्षात कसं होतं याची माहिती तुटकच मिळते. साधारण ११२ मधे रोमन सुभेदार प्लिनी धाकटा सम्राट ट्रेजनला कळवतो की त्याने दोन दासींना यातना देऊन चौकशी केली, ज्यांना ख्रिस्ती लोक 'मिनिस्त्रे' (लॅटिनमधे सेविका) म्हणत. म्हणजे समाजात गुलाम असलेल्या बायका मंडळीत पदावर होत्या असं दिसतं, पण त्या नेमकं काय करत ते प्लिनी लिहीत नाही.

याला नियमात बसवलं ते मठांनी. बेनेडिक्टच्या ६ व्या शतकातल्या नियमावलीत मठाधिपतीबद्दल वाक्य आहे की त्याने वरचढ असण्यापेक्षा उपयोगी असावं (अध्याय ६४), लॅटिनमधे तो शब्दांचा खेळ आहे. पण खरी गोष्ट आहे ३५ व्या अध्यायात, स्वयंपाकघराच्या पाळ्यांची. सगळे बंधू आळीपाळीने आठवडाभर वाढणार, आजारी किंवा महत्त्वाच्या कामात असलेला सोडून कोणाला सूट नाही. शनिवारी पाळी संपणाऱ्याने सगळी साफसफाई करायची, ज्या फडक्यांना बंधू हातपाय पुसतात ती धुवायची, मग संपणारा आणि सुरू होणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, आणि भांडी स्वच्छ आणि न फुटलेली कोठाराच्या प्रमुखाकडे परत द्यायची, त्याने ती मोजून पुढच्याला द्यायची, काय दिलं काय आलं हे कळायला. सेवा ही भावना म्हणून इथे सोडलेलीच नाही, तिचं वेळापत्रक आहे आणि भांड्यांचा हिशेब आहे.

'सेर्वुस सेर्वोरुम देई', देवाच्या सेवकांचा सेवक, ही पोपची पदवी पहिला ग्रेगरी (पोप ५९०–६०४) याच्या नावावर आहे. ९ व्या शतकातला त्याचा चरित्रकार जॉन सांगतो की कॉन्स्टँटिनोपलचा जॉन 'उपवासी' स्वतःला सार्वत्रिक धर्मप्रमुख म्हणवायला लागला, त्याला धडा म्हणून ग्रेगरीने ही पदवी घेतली. गोष्ट छान आहे आणि वाद खराच झाला होता, पण कारणमीमांसा जराशी सोयीस्कर वाटते. ऑगस्टीनने त्याआधी दीडेकशे वर्षं एका पत्रात स्वतःला ख्रिस्ताचा सेवक आणि त्याच्यामुळे त्याच्या सेवकांचा सेवक म्हटलंय, म्हणजे बिशपांच्या पत्रांत अशी भाषा होतीच, ग्रेगरीने ती उचलली असं म्हणणं सुरक्षित. पुढे मध्ययुगात ती फक्त पोपचीच झाली, आणि याच पदवीखाली बहिष्काराची फर्मानंही निघाली.

धर्मसुधारणेत लूथरने १५२० मधे ख्रिस्ती माणूस सर्वांचा स्वामी आणि सर्वांचा सेवक असं एकाच दमात म्हटलं. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मधे बिशपच्या पदाला दिआकोनिया, म्हणजे दिआकोनोसचं काम, म्हटलं.

पाय धुण्याचा विधी मात्र सलग चालू राहिला. ६९४ मधे स्पेनमधल्या टोलेडोच्या धर्मसभेने पवित्र गुरुवारी (ईस्टरआधीच्या गुरुवारी) बिशपांना तो सक्तीचा केला. इंग्लंडचे राजेही गरिबांचे पाय धुत, पुढे ते बंद पडून आता फक्त नाणी वाटतात. डोर्ड्रेख्टच्या १६३२ च्या मेनोनाइट या प्रोटेस्टंट पंथाच्या विश्वासपत्रात या विधीला स्वतंत्र कलम आहे, अॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक प्रभुभोजनाआधी जोडीने एकमेकांचे पाय धुतात, म्हणजे धुणारा आणि धुवून घेणारा दोन्ही तोच. कॅथलिकांत १९५५ च्या सुधारणेने तो पवित्र गुरुवारच्या मिस्सामधे (मुख्य उपासनेत) आला. २०१३ मधे पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधार तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या आणि मुस्लिमही, तेव्हा नियम पुरुषांपुरताच होता. तो बदलला जानेवारी २०१६ मधे, आधी कृती मग कायदा.

टीका दोन बाजूंनी होते. एक म्हणजे हे नुसतं नेत्याचं वर्णन होतं, अधिकार तसाच राहतो, फक्त त्याला विचारायची सोय जाते, कारण सेवकाला जाब कोण विचारणार. दुसरी जास्त मुळाशी जाते. जॅकलिन ग्रँट या कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ च्या निबंधात म्हटलं की ज्या बायकांना पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या घरात नोकर म्हणूनच ठेवलं त्यांना सेवकपण हा आदर्श म्हणून सांगणं हे पाप आहे, त्याऐवजी 'शिष्यत्व' शब्द वापरा. सेवक व्हा हे याकोब-योहानाला सांगितलंय, खुर्ची मागणाऱ्यांना, मुळात खाली बसलेल्यांना नाही, हे मार्क नीट वाचलं तर दिसतं. आणि योहानात त्याच भोजनाच्या बोलण्यात, पाय धुतल्यावर दोनच अध्यायांनी (१५:१५), येशू म्हणतो की यापुढे मी तुम्हाला दास म्हणत नाही, कारण धनी काय करतो ते दासाला ठाऊक नसतं, मी तुम्हाला मित्र म्हटलंय.